मेंटेनन्स सॉफ्टवेअर नव्याने हाती घेताना: वर्क ऑर्डर लावण्यापासून बंद करण्यापर्यंत

नागपूरच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला नवीन लागलं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी म्हणतं, "ते सॉफ्टवेअर आता तूच बघ, तुले कॉम्प्युटर येते नं." हा लेख त्या मंडळींसाठी आहे. कंपनीत चार-सहा फिटर, दोन इलेक्ट्रिशियन, एक डीजी (डिझेल जनरेटर), दोन कॉम्प्रेसर, उत्पादनाच्या पंधरा-वीस मशीन आणि एक जाडजूड लॉगबुक, ज्यातलं अक्षर लिहिणाऱ्यालाही लागत नाही, असं चित्र धरून मी लिहितोय. हॉस्पिटल, हॉटेल किंवा मोठ्या सोसायटीची देखभाल बघणाऱ्यांना मशीनची नावं बदलून यातलं बहुतेक सगळं वापरता येईल.

सॉफ्टवेअर विकणारा माणूस तुम्हाला रंगीत डॅशबोर्ड दाखवेल. तो डॅशबोर्ड शेवटी एकाच गोष्टीवर उभा असतो: काम संपल्यावर फिटरने वर्क ऑर्डर बंद करताना काय लिहिलं. ते नीट असेल तर वर्षभरात मशीन स्वतःच सांगायला लागते की तिला काय हवंय. नसेल तर लॉगबुक कागदावरून स्क्रीनवर गेलं, एवढाच फरक.

वर्क ऑर्डर म्हणजे नेमकं काय

एका कामाचा एक नंबर. त्या नंबरखाली कोणती मशीन, काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत, कोणते स्पेअर लागणार आणि शेवटी काय निघालं, एवढं सगळं एकत्र. प्रकार मुख्यतः तीन: मशीन बंद पडल्यावरचं ब्रेकडाऊन, ठरलेल्या वेळी करायचं प्रिव्हेंटिव्ह म्हणजे पीएम, आणि तपासणीत दिसलेला दोष सवडीने दुरुस्त करायचं करेक्टिव्ह. काही कंपन्या आठ-दहा प्रकार करून ठेवतात. मग फिटर यादीतला पहिला प्रकार निवडून मोकळा होतो आणि रिपोर्टमध्ये सगळीच कामं त्याच प्रकारात दिसतात. तीनवर थांबा.

सॉफ्टवेअर कोणतं

यावर फार वेळ घालवू नका. बहुधा तुम्हाला निवड नसतेच, जे आहे ते चालवायचं असतं. मोठ्या कारखान्यांत सॅपचं प्लांट मेंटेनन्स मॉड्यूल किंवा आयबीएमचं मॅक्सिमो असतं. सॅपवर असाल तर चार कोड पाठ करा: नोटिफिकेशनसाठी (म्हणजे तक्रार नोंदवायला) आयडब्ल्यू२१, ऑर्डरसाठी आयडब्ल्यू३१, कामाचे तास नोंदवायला आयडब्ल्यू४१ आणि पीएमचं शेड्युल लावायला आयपी१०. पैसे कमी असतील तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे आणि त्यात मशीनच्या देखभालीची सोय आहे.

निवड तुमच्या हातात असेलच तर तीन गोष्टी तपासा. मोबाइलवर मराठीत टाइप करता येतं का. पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे नेटवर्क जातं, तिथे भरलेली माहिती नंतर आपोआप चढते का. आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का. तिसऱ्या प्रश्नावर सेल्समन चाचरला, तर दुसरा सेल्समन बोलवा.

पहिली पायरी: मशीनची यादी

कंटाळवाणं काम आहे आणि इथेच बरेच जण घाई करतात. वही आणि मोबाइल घेऊन प्रत्यक्ष शेडमध्ये फिरा. अकाउंट्सची मालमत्ता यादी घेऊन बसू नका. तिच्यात भंगारात गेलेल्या मशीनही असतात आणि गेल्या वर्षी आलेला पंप नसतो.

प्रत्येक मशीनला एक कोड द्या: विभाग, प्रकार, क्रमांक. उदाहरणार्थ यूटीएल-सीएमपी-०२, म्हणजे युटिलिटीतला (हवा, वीज, पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेतला) दुसरा कॉम्प्रेसर. कोडमध्ये मेक, एचपी, वर्ष कोंबू नका, ते वेगळ्या रकान्यात जाईल. नेमप्लेटचा फोटो काढून तिथेच जोडा. मोटर जळाल्यावर रात्री दोन वाजता फ्रेम साइज शोधत बसण्याची वेळ येत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: जागा आणि वस्तू वेगळ्या ठेवा. 'कूलिंग टॉवर पंप क्रमांक १' ही जागा आहे. तिथे आज बसवलेला पंप उद्या रिवाइंडिंगला जाईल आणि स्पेअर पंप लागेल. दोन्ही एकच धरलं तर सीरियल नंबरच्या इतिहासाचा खिचडा होतो आणि वारंवार जळणारी मोटर वाईट आहे की त्या जागेवरचं अलाइनमेंट वाईट आहे, हे कधीच कळत नाही.

मग प्रत्येकीला अ, ब, क दर्जा द्या. बंद पडली तर माणसाला धोका किंवा पूर्ण उत्पादन ठप्प: अ. उत्पादन मंदावतं: ब. आठवडाभर कुणाला पत्ताही लागत नाही: क. प्रॉडक्शनवाले प्रत्येक मशीन 'अ' म्हणतील. त्यांना विचारा, दोन्ही एकदम बंद पडल्या तर आधी कोणती सुरू करू?

सुरुवात पंधरा-वीस मशीनपासून करा, त्याही युटिलिटीपासून. कॉम्प्रेसर, डीजी, ट्रान्सफॉर्मर, कूलिंग टॉवर. यांच्याकडे एरवी कुणाचं लक्ष नसतं आणि बंद पडले की सगळा कारखाना बसतो. क्यूआर कोडचे स्टिकर लावणार असाल तर साधा लॅमिनेट केलेला कागद उन्हात आणि तेलात फार टिकत नाही. धातूची पट्टी थोडी महाग पडते, पण एकदाच लावायची.

दुसरी पायरी: पीएम कधी येणार

शेड्युल दोन गोष्टींवर चालतं: तारीख किंवा मीटर. ट्रान्सफॉर्मरचं तारखेवर. डीजीचं चाललेल्या तासांवर, आणि सोबत तारखेचीही मर्यादा. समजा मॅन्युअलमध्ये २५० तास किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, असं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भरा. लाइट कमी जाते म्हणून डीजी वर्षात साठ तासच चालला, तरी तेल जुनं होतंच. आकडे मात्र तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या कंपनीच्या एक्सेलमधून नको. आणि तासांचं रीडिंग दर आठवड्याला कोण भरणार त्याचं नाव आजच ठरवा. ते न भरल्याने मीटरवरचं पीएम कधीच येत नाही आणि सॉफ्टवेअर गप्प बसतं.

यानंतर सॉफ्टवेअर विचारेल: फिक्स्ड की फ्लोटिंग? नवीन माणूस इथे जे आधी दिसेल ते दाबतो. समजा पीएम दर महिन्याच्या ५ तारखेला आहे आणि या वेळी ते २० तारखेला झालं. फिक्स्डमध्ये पुढचं पुन्हा ५ तारखेला येईल, म्हणजे पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा ग्रीस. फ्लोटिंगमध्ये ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आसपास येईल. ग्रीसिंग, फिल्टर, बेल्ट यांना फ्लोटिंग ठेवा. कायद्याने ठरलेल्या तपासण्या मात्र फिक्स्ड आणि तारखेच्या बऱ्याच आधी इशारा देणाऱ्या हव्यात. १९४८ च्या कारखाने कायद्याने हॉइस्ट आणि लिफ्टची तपासणी दर सहा महिन्यांनी, तर क्रेन, साखळ्या, दोर यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून करून घेणं बंधनकारक केलं होतं. आता नव्या कामगार संहिता आल्या आहेत, म्हणून मुदत भरण्याआधी तुमच्या सेफ्टी ऑफिसरकडून सध्याचा नियम तपासून घ्या. बॉयलर असेल तर त्याच्या प्रमाणपत्राची तारीखही याच यादीत.

दुसरा सापळा: मासिक, तिमाही आणि वार्षिक पीएम एकाच आठवड्यात येणं. वार्षिक कामात मासिकाचं सगळं होतंच, तरी तीन वेगळ्या वर्क ऑर्डर निघतात आणि फिटर तीनही एकदम 'पूर्ण' करून टाकतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मोठं पीएम आलं की लहान दाबून टाकायची सोय असते. ती शोधा.

नागपूरचं वर्ष शेड्युलमध्ये उतरवा

सॉफ्टवेअरसोबत आलेलं तयार शेड्युल कुठल्यातरी थंड देशातल्या कारखान्यासाठी बनलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे त्याला माहीत नसतं.

कॉम्प्रेसरचंच घ्या. स्क्रू कॉम्प्रेसर साधारण १०५ ते ११० अंश डिस्चार्ज तापमानाला ट्रिप होतात. कूलरच्या पंख्यांत धूळ आणि तेलाचा थर असेल, शेडमधली हवाच ४६ अंश असेल, तर दुपारी तीनला तो ट्रिप होणारच. तेव्हा पाण्याचा पाइप घेऊन धावण्यापेक्षा कूलर धुणं, पॅनलचे एक्झॉस्ट पंखे तपासणं, कूलिंग टॉवरचे नोझल साफ करणं ही कामं मार्चमध्ये लावा. ऑफिस आणि शेडच्या कूलरच्या ताट्या, पंप हेही मार्चमध्येच. एप्रिलमध्ये ताट्यांचे भावही चढतात आणि लावणारा माणूसही मिळत नाही.

२५ मेपासून नवतपा. त्या नऊ दिवसांत पत्र्यावरचं, क्रेनच्या गर्डरवरचं किंवा टाकीच्या आतलं कोणतंही काम दुपारी लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये कामाची वेळ भरता येत असेल तर सकाळी सहा ते दहा भरा. अर्थिंग पिटचं रीडिंग मात्र याच कोरड्या दिवसांत घ्या. पावसानंतर जमीन ओली झाली की रीडिंग कमी, म्हणजे गोड येतं आणि खरा दोष लपतो.

पाऊस जूनच्या मध्याच्या आसपास येतो. गटार, पन्हाळी, केबल ट्रेंच, सम्प पंप, पॅनलच्या ग्लँड या सगळ्याच्या वर्क ऑर्डर मृगाच्या आधी बंद झालेल्या असाव्यात. पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं सिलिका जेल लवकर निळ्याचं गुलाबी होतं. एरवी महिन्यातून एकदा बघत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला बघा.

आणि सुट्ट्या. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, त्या दिवशी हजेरी किती असते ते जुन्या लोकांना विचारा. खंडेनवमी-दसऱ्याला मशीनची पूजा होते, म्हणजे मशीन बंद आणि धुतलेली असते. आदल्या दिवशी स्वच्छता आणि बाहेरून तपासणीचं पीएम लावायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण दसऱ्यालाच मोठा शटडाऊन ठरवू नका, कारण दीक्षाभूमीवर जाणारे सहकारी त्या दिवशी येणार नाहीत आणि त्यांनी यावं असा आग्रहही धरू नये. मोठं ओव्हरहॉल दिवाळीच्या बंदमध्ये ठेवा.

किती कामं लावायची

चार फिटर, आठवड्याला प्रत्येकी ४८ तास, म्हणजे १९२ तास. यातले अर्धे तास ब्रेकडाऊन, रजा, चहा, गेटवर स्पेअर आणायला जाणं यात जातात असं धरा. उरले ९६. आठवड्याच्या पीएमची बेरीज याच्या वर गेली तर सॉफ्टवेअर काही म्हणणार नाही, ते मुकाट लावत जाईल. मग शुक्रवारी लाल खुणांची रांग दिसेल आणि शनिवारी ती रांग एका क्लिकमध्ये हिरवी होईल, मशीनला हात न लावता. सगळी मासिक पीएम १ तारखेला लागली असतील तर ती महिन्याच्या चार आठवड्यांत पसरवा.

तिसरी पायरी: तक्रार आणि वर्क ऑर्डर यांच्यात एक माणूस

ऑपरेटरने मोबाइलवरून तक्रार टाकावी, पण ती थेट वर्क ऑर्डर होऊ नये. मधे सुपरवायझरने बघावं: हीच तक्रार आधी आली आहे का, मशीन बरोबर निवडली का, तातडी खरी आहे का. 'अर्जंट' या शब्दावर भरवसा ठेवू नका. तातडीची व्याख्या लिहून भिंतीवर लावा: धोका असेल तर लगेच, लाइन थांबली असेल तर याच शिफ्टमध्ये, बाकी पुढच्या आठवड्याच्या प्लॅनमध्ये.

व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करायच्या फंदात पडू नका, तो होणार नाही. नियम एवढाच करा: ग्रुपवर फोटो टाका, पण नंबर निघाल्याशिवाय स्टोअरमधून स्पेअर मिळणार नाही. स्टोअरकीपर तुमच्या बाजूने असेल तर दोन महिन्यांत सवय लागते. तो नसेल तर आधी त्याच्यासोबत चहा घ्या.

चौथी पायरी: कामाची यादी अशी लिहा की हात लागेल

'मोटर तपासा' असं लिहिलं तर उत्तर 'तपासली' असंच येईल. 'तिन्ही फेजचे अँपिअर लिहा', 'ड्राइव्ह साइड बेअरिंगचं तापमान लिहा', 'बेल्टला चिरा आहेत का, फोटो काढा' असं लिहा. एका पीएममध्ये आठ-दहा ओळी पुरे. चाळीस ओळींची यादी कुणी वाचत नाही, शेवटची खूण आधी आणि पहिली नंतर होते.

पहिली ओळ नेहमी एकच: सप्लाय बंद, आयसोलेटरला कुलूप, टॅग, आणि टेस्टरने खात्री. परमिटचा (काम सुरू करायच्या लेखी परवानगीचा) नंबर वर्क ऑर्डरमध्ये यायलाच हवा.

प्रत्येक रकाना सक्तीचा करण्याचा मोह होतो. थोडा आवरा. सक्ती जास्त झाली की आकडे येतात पण खोटे येतात. सलग सहा महिने बेअरिंगचं तापमान बरोबर ६५ दिसलं, तर तिथे थर्मामीटर गेलेला नाही हे समजून जा. दोन-तीन महत्त्वाची रीडिंग सक्तीची, बाकी ऐच्छिक.

पाचवी पायरी: बंद करणं

'कंप्लीट' आणि 'क्लोज' या दोन वेगळ्या अवस्था ठेवा. फिटरने काम संपवलं की कंप्लीट. सुपरवायझरने वाचून, प्रॉडक्शनने मशीन ताब्यात घेतली की क्लोज. एकच माणूस दोन्ही करत असेल तर वाचणारं कुणी उरत नाही.

बंद करताना तीन गोष्टी हव्यात: काय दिसलं, कशामुळे, काय केलं. "काम झाले, मशीन चालू" ही नोंद सर्वात जास्त येते आणि तिचा उपयोग शून्य. त्याच कामाची दुसरी नोंद बघा: "ब्लोअरचा आवाज वाढला होता. नॉन-ड्राइव्ह साइडचं बेअरिंग घासलेलं, जुनं ग्रीस कडक झालेलं. बेअरिंग ६३०६ बदललं, ग्रीस निपल चोक होता तो नवीन लावला." आता बघा: बेअरिंग का गेलं, तर ग्रीस आतच पोचत नव्हतं. म्हणजे वर्षभर ग्रीसिंगच्या पीएमला हिरवी खूण होत राहिली आणि ग्रीस निपलच्या बाहेरच राहिलं. पुढचं काम आपोआप ठरतं: त्या शेडमधले सगळे निपल तपासा. पहिल्या नोंदीतून हे कधीच निघालं नसतं. सहा महिन्यांनी तेच बेअरिंग पुन्हा गेलं असतं आणि दोष बेअरिंगच्या कंपनीवर ढकलून सगळे मोकळे झाले असते.

फिटर लिहीत नाहीत, अशी तक्रार सगळे करतात. त्यांना इंग्रजीत, छोट्या कीबोर्डवर, हाताला ग्रीस असताना लिहायला लावलं तर कोण लिहील? मोबाइलवर बोलून मराठीत टाइप होतं ते शिकवा. "चेन लूज होऊन ऱ्हायली होती, दोन कडी काढली" असं नागपुरी बोलून उमटलं तरी चालेल, कारण त्यात दोष आहे आणि उपायही आहे. भाषा सुधारत बसू नका. दोषांची तयार यादी द्यायची असेल तर ती दहा-बारा शब्दांची असू द्या आणि 'इतर' हा पर्याय सर्वात खाली ठेवा.

वेळाही चार नोंदवा: मशीन कधी थांबली, माणूस कधी पोचला, काम कधी संपलं, मशीन पुन्हा कधी चालू झाली. बरेचदा दुरुस्तीला अर्धा तास लागतो आणि स्पेअरची वाट बघण्यात पाच तास. हे वेगळं दिसलं नाही तर शिव्या फिटरला बसतात आणि प्रश्न असतो स्टोअरच्या किमान साठ्याचा. जे बेअरिंग नागपूरच्या इतवारी बाजारात तासाभरात मिळतं ते साठवायची गरज नाही. जे पुण्याहून मागवावं लागतं त्याचा एक नग कायम ठेवा. हा निर्णय तुम्हाला या वेळांवरूनच घेता येतो. स्पेअरसाठी थांबलेलं काम 'होल्ड' मध्ये टाका आणि कारण लिहा, ते उघडंच ठेवू नका.

कंत्राटदाराची कामंही याच रांगेत आणा. लिफ्ट, डीजी, एसीचं एएमसी (वार्षिक देखभाल कंत्राट) असेल तर त्यांच्या प्रत्येक भेटीची वर्क ऑर्डर काढा आणि सर्व्हिस रिपोर्टचा फोटो जोडल्याशिवाय ती बंद करू नका. वर्षाला चार भेटी ठरल्या होत्या की अडीच झाल्या, हे नूतनीकरणाच्या वेळी कागद शोधत बसण्याऐवजी स्क्रीनवर दाखवता येतं.

दर आठवड्याला काय बघायचं

सोमवारी सकाळी, वीस मिनिटं, उभ्याउभ्या. तीन आकडे पुरेत.

पीएम वेळेवर किती झालं. वेळेवर म्हणजे मुदतीच्या दहा टक्के आत: महिन्याचं पीएम तीन दिवस इकडे-तिकडे चालेल, तिमाही नऊ दिवस. शंभर टक्के दिसलं तर आनंद मानण्याआधी दोन मशीन स्वतः जाऊन बघा.

बाकी काम किती. उघड्या वर्क ऑर्डरचे अंदाजे तास भागिले आठवड्याचे उपलब्ध तास. २४० तासांचं काम आणि आठवड्याला ९६ तास, म्हणजे अडीच आठवड्यांची बाकी. दोन ते चार आठवडे ठीक मानतात. सहा-आठ झाले तर माणसं कमी आहेत किंवा जुन्या मेलेल्या वर्क ऑर्डर कुणी काढल्या नाहीत. बहुधा दुसरं कारण असतं.

तिसरा, 'अ' दर्जाच्या मशीनचं एमटीबीएफ (दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर) आणि एमटीटीआर (एका दुरुस्तीचा सरासरी वेळ). मशीन महिन्यात ६०० तास चालली, चार वेळा बंद पडली, दुरुस्तीत एकूण १० तास गेले: तर एमटीबीएफ १५० तास, एमटीटीआर अडीच तास. एका महिन्याच्या आकड्यावरून कुणाला बोलावून झापू नका; तीन-चार महिन्यांचा कल बघा.

लॉगबुक एकदम बंद करू नका. एक महिना दोन्ही चालू ठेवा आणि तो महिना कोणत्या तारखेला संपणार ते आधीच जाहीर करा. तारीख नसेल तर दोन्ही कायम चालू राहतात आणि खरी नोंद नेहमी कागदावर जाते.

सहा महिन्यांनी, पुरेसा इतिहास जमल्यावर, शेड्युल पुन्हा उघडा. ज्या पीएममध्ये सलग सहा वेळा काहीच निघालं नाही, त्याची मुदत वाढवा. महिन्याचं दीड महिन्यावर न्या आणि बघा. जिथे दोन पीएमच्या मधेच मशीन बंद पडते तिथे मुदत कमी करण्याआधी यादी वाचा, कारण बहुतेकदा खराब होणारा भाग त्या यादीत नसतोच. कायद्याच्या तपासण्यांना यात हात लावायचा नाही. आणि बदल करताना जुनी मुदत, नवी मुदत आणि कारण त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवा. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला 'हे पंचेचाळीस दिवस का?' असा प्रश्न पडेल, तेव्हा तुम्ही बहुधा दुसऱ्या कंपनीत असाल.